लग्न ठरवण्याआधी सिकलसेलची टेस्ट कशी करून घ्यायची

गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारकडच्या मंडळींनो, सोयरीक जुळवताना शेती नोकरी सगळं विचारता ना, मग सिकलसेलचंही, म्हणजे आईवडिलांकडून मुलांत येणाऱ्या रक्ताच्या आजाराचंही विचारा. आधी सोल्युबिलिटी टेस्ट होते, बोटातून थेंबभर रक्त घेऊन द्रावणात टाकतात आणि ट्यूबच्या मागे काळ्या रेघांचा कागद धरतात, रेघा दिसल्याच नाहीत म्हणजे पॉझिटिव्ह. पण इथे थांबू नका! वाहक (म्हणजे ज्याला आई किंवा वडील एकाकडूनच सिकलसेलचा जीन आलाय) कोण आणि आजारी (दोघांकडून आलाय) कोण हे यातून कळतच नाही, त्यासाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही रक्तातल्या हिमोग्लोबिनचे प्रकार दाखवणारी टेस्ट करावीच लागते, रिपोर्टात एएस म्हणजे वाहक, एसएस म्हणजे आजार. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला सोल्युबिलिटीवर सोडू नका, त्याच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन जास्त असतं त्यामुळे चुकीचं निगेटिव्ह येऊ शकतं.

दोघंही एएस निघाले तर प्रत्येक गरोदरपणात एसएस बाळाची शक्यता 25 टक्के, म्हणून मुलीला दोष देऊ नका, जीन दोघांकडून येतो. दिवस राहिले की लगेच डॉक्टरांना सांगा, साधारण 10 ते 13 आठवड्यांत गर्भाची तपासणी करता येते.

झाडपाल्याचं म्हणाल तर नायजेरियात चार वनस्पतींपासून निप्रिसान हे सिकलसेलवरचं औषध बनलं, त्यावर रिसर्चही झाला, पण म्हणून कुणाच्या काढ्यासाठी डॉक्टरांनी दिलेलं हायड्रॉक्सीयुरिया हे सिकलसेलचं औषध स्वतःहून बंद करू नका प्लीज.