घरात कुणी मरणाची भाषा करू लागलं तर या चुका टाळा

‘तो नुसता बोलतो, करणार काही नाही.’ घरात कुणी जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा काढली की हे वाक्य हमखास ऐकू येतं, आणि सगळ्यात जास्त घात तेच करतं. आत्महत्येने गेलेल्या पुष्कळ माणसांनी आधी कुणाला ना कुणाला, आडवळणाने का होईना, सांगितलेलं असतं. ‘मी नसलो की तुमची कटकट संपेल.’ ‘पोरांकडे लक्ष ठेव.’ कुणी बोलत नाही, पण एकाएकी उधाऱ्या चुकत्या करतं, जमिनीचे आणि विम्याचे कागद बायकोच्या हाती देतं. झोप उडते, जेवण तुटतं, दारू वाढते. आणि महिनाभर तळमळणारं माणूस अचानक शांत झालं की घरचे निर्धास्त होतात, तेव्हाच खरं तर जास्त जपायला हवं.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात 1,70,924 आत्महत्या झाल्या. त्यातल्या 22,746 महाराष्ट्रात, म्हणजे कुठल्याही राज्यापेक्षा जास्त. आपल्याकडे हा विषय निघाला की डोळ्यांसमोर शेतकरी येतो आणि ते साहजिकच आहे. पण त्या 22,746 मध्ये शेतकरी आणि शेतमजूर मिळून 4,248 होते. बाकीच्यांत रोजंदारीवाले, पगारदार, गृहिणी, विद्यार्थी सगळे आहेत. ‘आमच्या घरात असं कशाला होईल’ या भरवशावर कुणीच राहू नये.

विचारायचं टाळणं

‘सरळ विचारलं तर नसलेलं डोक्यात भरेल’ ही भीती जवळजवळ प्रत्येकाला वाटते. ती खोटी आहे. थेट विचारल्याने धोका वाढत नाही हे संशोधनातून वारंवार दिसलं आहे. उलट मनात ते घेऊन फिरणाऱ्या माणसाला कुणीतरी विचारलं याने मोकळं वाटतं. मग विचारायचं कसं? चारचौघांत नाही, जेवणाच्या ताटावर नाही. दोघंच असाल तेव्हा, शांतपणे: ‘दादा, बरेच दिवस बघतोय, तू खचलायस. जीव द्यावासा वाटतो का तुला?’ एवढं बोलून गप्प बसा. उत्तर यायला वेळ लागेल, तो लागू द्या.

उत्तर ‘हो’ आलं की आपणच घाबरतो आणि घाबरून उपदेश सुरू करतो. ‘तुला काय कमी आहे?’ ‘आईबापाचा तरी विचार कर.’ ‘हा पळपुटेपणा झाला.’ या प्रत्येक वाक्याने समोरचं माणूस आणखी आत जातं, कारण आपण घरच्यांना भार झालो आहोत असं त्याला आधीच वाटत असतं. त्याऐवजी पुढचा प्रश्न विचारा: कसं करायचं, कधी करायचं, असं काही ठरवलं आहे का? ठरवलं असेल तर त्याला क्षणभरही एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन मात्र देऊ नका.

काय बोलावं सुचत नसेल तर 14416 हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा क्रमांक लावा. केंद्र सरकारची ही सेवा 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू झाली. ती मोफत आहे, चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येतं, आणि घरच्यांनीही फोन केला तर चालतो.

घातक वस्तू घरातच ठेवणं

या चुकीकडे सगळ्यात कमी लक्ष जातं, म्हणून इथे जरा थांबतो. खरिपात गावाकडच्या कितीतरी घरांत फवारणीच्या औषधाच्या बाटल्या खाटेखाली, दाराआड, बी-बियाण्याच्या पोत्यांशेजारी असतात. जीव द्यावासा वाटण्याची तीव्र लाट बऱ्याचदा काही मिनिटांची किंवा तासांची असते. त्या वेळी हाताशी काय आहे यावर पुढचं अवलंबून असतं. लाट ओसरली की माणूस वाचतो, आणि असे वाचलेले बहुतेक जण पुढे आत्महत्येने जात नाहीत.

श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी आणली. 1995 नंतरच्या काळात तिथलं आत्महत्यांचं प्रमाण सुमारे 70 टक्क्यांनी उतरलं. त्याच देशात दुसराही एक प्रयोग झाला. अनुराधापूर जिल्ह्यात 50 हजारांहून जास्त कुटुंबांच्या पाहणीत काही गावांना औषधं ठेवायला कुलुपाच्या पेट्या दिल्या, काहींना दिल्या नाहीत. दोन्हीकडे विषप्राशनाच्या प्रमाणात फरक पडला नाही. मला हा निष्कर्ष फार महत्त्वाचा वाटतो. पेटी घरात आणि किल्ली खुंटीवर, म्हणजे बंदोबस्त झाला असं समजू नका. घरात कुणी खचलेलं असेल तर बाटल्या घराबाहेरच गेल्या पाहिजेत. भावाकडे, शेजाऱ्याकडे, कुठेही ठेवा, पण त्या माणसाला ठाऊक नसलेल्या जागी. फवारणीच्या दिवशी लागेल तेवढंच आणा. शहरातल्या घरात हीच काळजी गोळ्यांची. महिन्याचा साठा घरी नको, आठवड्यापुरत्या घ्या आणि दुसऱ्या कुणाकडे ठेवा.

औषध पोटात गेल्यावरचे घरगुती उपाय

मिठाचं पाणी पाजून ओकारी काढणं, ताक, लिंबू, काहीही करू नका. उलटी फुप्फुसात जाऊन जीव जाऊ शकतो. शुद्ध हरपत असेल तर कुशीवर वळवा, 108 ला फोन करा, मिळेल त्या गाडीने निघा. बाटली लेबलासकट सोबत घ्या, कारण उपचार कुठला द्यायचा ते त्यावरून ठरतं.

इथे पुष्कळ घरं ‘पोलीस केस होईल’ म्हणून वेळ घालवतात किंवा डॉक्टरला ‘चुकून प्यायला’ असं सांगतात. रुग्णालय पोलिसांना कळवतं हे खरं. पण 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 115 नुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच गृहीत धरलं जातं, आणि त्याला उपचार मिळवून देणं हे सरकारचं कर्तव्य ठरतं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं 309 कलमच उरलेलं नाही. सरकारी अधिकाऱ्यावर दबाव आणण्यासाठी केलेला प्रयत्न तेवढा गुन्हा राहिला आहे. डॉक्टरला खरं सांगा, म्हणजे पोटाबरोबर मनाचेही उपचार सुरू होतील.

‘लग्न लावून द्या, सुधारेल’

लग्न, नवस, बाहेरचं बघणं, यांत महिने जातात. जिल्हा रुग्णालयात मनोविकारतज्ज्ञ भेटतात, आधी तिथे जा. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला साधारण दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. आठ दिवसांत ‘काही फरक नाही’ म्हणून किंवा दोन महिन्यांनी ‘आता बरा झाला’ म्हणून त्या परस्पर बंद करू नका. सुरुवातीच्या काही आठवड्यांत, विशेषतः तरुणांच्या बाबतीत, जास्त लक्ष ठेवा. कर्जाचा, नोकरीचा प्रश्न असेल तर तोही सोडवायला बसा, पण ‘कर्ज फिटलं की आपोआप ठीक होईल’ असं म्हणत उपचार पुढे ढकलू नका.

घरी आणलं की संपलं असं समजणं

प्रयत्नातून वाचलेलं माणूस घरी आलं की पाहुणे येऊन जातात आणि मग सगळे गप्प होतात. लाज वाटते, विषय कुणी काढत नाही. नेमके हेच पहिले आठवडे आणि महिने सर्वांत धोक्याचे असतात.

जागतिक आरोग्य संघटनेने चेन्नई, कोलंबो यांसह पाच ठिकाणी 1,867 जणांवर केलेला अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांना त्याशिवाय रुग्णालयातच तासभर नीट माहिती दिली आणि पुढच्या 18 महिन्यांत नऊ वेळा फोन किंवा भेट, एवढंच केलं. 18 महिन्यांनी पाहिलं तर पहिल्या गटात आत्महत्येने गेलेले 2.2 टक्के होते, दुसऱ्या गटात 0.2 टक्के. पहिल्या तीन महिन्यांत पाच वेळा गाठ होती, पुढे ती विरळ होत गेली.

हे कुठल्याही घराला जमण्यासारखं आहे. फोन कुणी करायचा ते रुग्णालयातून निघतानाच ठरवा: मेहुणा, मावशी, जुना मित्र, ज्याच्याशी त्याचं पटतं असं कुणीही. आशाताईंना सांगितलं तर त्याही घरी डोकावतील. फोनवर लांबलचक बोलायला नको. जेवलास का, झोप लागते का, गोळ्या आहेत की संपल्या, आणि तो विचार परत आला का, एवढं विचारा. शेवटचा प्रश्न विचारताना जीभ अडखळेल, तरी तो गाळू नका.