अंगणातला बुडखा काढायचा तर

झाड तोडायला आलेल्या माणसाला घरमालक हमखास सांगतात, "जमिनीलगत घे." बुडखा यंत्राने दळायचा असेल तर हे बरोबर आहे. खणून काढायचा असेल तर मात्र इथंच काम दुप्पट होतं. तीन-चार फूट उभं ठेवलेलं खोड ही फुकटात मिळालेली पहार असते. त्याला दोर बांधून हलवलं की कुठलं मूळ अजून धरून बसलंय ते लगेच कळतं. म्हणून दळायचं की खणायचं हे झाड उभं असतानाच ठरवा. शहरात असाल तर १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे घेतलेल्या परवानगीची प्रतही जपून ठेवा.

दुसरी गोष्ट मातीची. मराठवाड्यातली काळी माती एप्रिल-मेमध्ये दगडासारखी होते आणि पहार उसळून हातात येते. भर पावसात तीच माती पायाला किलोकिलोने चिकटते आणि यंत्राची चाकं रुततात. वाफसा असेल, म्हणजे माती ना कोरडी ना चिखल अशी असेल, तेव्हाच हे काम करावं. पावसाळा सरल्यावर दिवाळीच्या आसपासचे दिवस सगळ्यात चांगले. उन्हाळ्यातच करणं भाग असेल तर बुडख्याभोवती आळं करून संध्याकाळी पाणी सोडा, दोन दिवस मुरू द्या, मूठभर माती दाबल्यावर गोळा होऊन बोटाने फुटली की सुरुवात करा. टँकरचं पाणी विकत घ्यावं लागत असेल तर सरळ दिवाळीपर्यंत थांबा.

खणण्याआधी नळाची लाइन, बोअरची केबल, अर्थिंगची पट्टी आणि सेप्टिक टँकचा पाइप कुठून जातो ते चुन्याने आखून घ्या. जुन्या घरांत पाइप हमखास झाडाजवळूनच गेलेला असतो. ओल मिळते म्हणून मुळंही त्याच्याच कडेने जातात.

यंत्र, म्हणजे स्टंप ग्राइंडर, सगळीकडे भाड्याने मिळत नाही. मिळालं तर आधी बुडख्याभोवतीची दोन फूट जागा फावड्याने खरवडून दगड, खडी, विटांचे तुकडे काढा. चाकाचे कार्बाइड दात लाकडाने लवकर बोथट होत नाहीत. ते काळ्या दगडावर आणि लोखंडावर मोडतात. आपल्याकडच्या झाडात लोखंड असतंच: कपडे वाळत घालायच्या तारेचा खिळा, पाळण्याचा हूक, कधीकाळी गाय बांधलेली आणि सालीने गिळलेली साखळी. बुंध्यावर कुठं विचित्र फुगवटा दिसला तर आधी तिथं छिन्नीने उकरून बघा.

चाक बुडख्याच्या पुढच्या कडेवर साधारण दोन इंच खाली टेकवा, डावी-उजवीकडे फिरवा, मग थोडं पुढं सरका. घाई करून एकदम खोल घातलं की इंजिन दमतं, पट्टा घसरतो आणि यंत्र अंगावर उसळतं. आवाज अचानक कर्कश झाला तर लगेच चाक उचला. फरशी किंवा गवतासाठी ६ ते ८ इंच खोल दळणं पुरे, नवं झाड लावायचं तर १२ इंच. डोळ्यांना जाळीचा नव्हे, पूर्ण पारदर्शक मुखवटा हवा. खडे लांब उडतात, म्हणून ५० फुटांत मुलं, गाडी, खिडकीची काच काही नको.

नारळाच्या बुडख्याला यंत्र लावताना जपा. त्याचे तंतू चाकाला गुंडाळतात, दर थोड्या वेळाने इंजिन बंद करून ते काढावे लागतात. नारळाला सोटमूळ नसतं, त्यामुळे तो खणूनच लवकर निघतो. गुलमोहराचं लाकूड मऊ, पण मुळं उथळ आणि दूरवर पसरलेली. चिंच आणि बाभूळ अगदी चिवट.

हाताने काढायचं तर खोडापासून दीड-दोन फुटांवर गोल चर खणा, खोली दोन फूट. मूळ दिसलं की त्यावर पाणी ओतून माती धुवा, मगच कुऱ्हाड लावा. मातीतून घाव घातले की धार दहा मिनिटांत जाते. प्रत्येक मूळ दोन ठिकाणी तोडून मधला तुकडा बाहेर काढा, नाहीतर कुऱ्हाड फिरवायला जागाच उरत नाही. आडवी मुळं संपली की खोड हलवत सोटमूळ तिरकं तोडा.

जेसीबी बोलावला तरी कंपाउंड भिंतीकडची मुळं आधी हाताने तोडलेली असली पाहिजेत. न तोडता ओढलं की मुळाबरोबर भिंतीचा पायाही उचलला जातो. ट्रॅक्टरने टोचन लावून ओढायचं असेल तर साखळी मागच्या खालच्या हुकालाच अडकवा. ती अॅक्सलच्या वर बांधली आणि बुडखा हलला नाही, तर पुढची चाकं उचलून ट्रॅक्टर चालकावर उलटतो.

डिझेल टाकून जाळणं, मीठ भरणं हे उपाय सोडून द्या. मुळं जमिनीखाली कित्येक दिवस धुमसतात आणि मिठाने माती नासते. शेण-युरिया भरून कुजवणं चालतं, पण बुरशीला ओल लागते आणि आपल्या कोरड्या हवेत त्याला काही वर्षं जातात. घाई नसेल त्यानेच एक इंची ड्रिलने तीन-चार इंचांवर खोल भोकं पाडून ते करावं.

कडुलिंब, सुबाभूळ, निलगिरी आणि वेडी बाभूळ पुन्हा फुटतात. वेडी बाभूळ तर जमिनीखालच्या गाठीतून फुटते, म्हणून ती गाठ निघेपर्यंत खणा. बाकीच्यांचे कोंब वीतभर होण्याआधी दर पंधरा दिवसांनी मोडत राहा.

खड्डा भरताना भुसा त्यातच लोटू नका. कुजताना तो मातीतलं नत्र ओढतो, खाली बसतो आणि वाळवीला आमंत्रण देतो. घरापासून लांब ढीग करून शेणकाल्यात कुजवा. वर फरशी येणार असेल तर काळी माती अजिबात भरू नका, ती पावसात फुगून फरशी उचलते. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत टाका, प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मस करा, म्हणजे ठोकून घट्ट बसवा. बाग करायची असेल तर माती दोन-तीन इंच उंच ठेवा, पावसाने ती बसते. नवं रोप त्याच जागी न लावता तीन-चार फूट बाजूला लावा.

मोठं जुनं झाड घराच्या भिंतीलगत असेल तर आणखी एक. इतकी वर्षं ते काळ्या मातीतली ओल शोषून घेत होतं. ते गेल्यावर माती पुन्हा ओली होऊन फुगते आणि कधीकधी पावसाळ्यात भिंतीला तडे जातात. तिथला ओटा किंवा नवी खोली बांधण्याआधी निदान दोन पावसाळे जाऊ द्या.