कंपोझिटचं पायरोलिसिस करताय? या चुका टाळा

कंपोझिट म्हणजे रेझिन या घट्ट झालेल्या प्लास्टिकमध्ये बसवलेला कार्बनचा किंवा काचेचा धागा; पायरोलिसिस म्हणजे हवेविना तापवून पदार्थ तोडणं. टायरची पायरोलिसिस भट्टी हाताशी आहे म्हणून तिच्यातच कार्बन फायबरचं भंगार टाकायचं, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. टायरमधून तेल काढायचं असतं, इथे किंमत धाग्याला आहे. कार्बन-इपॉक्सीच्या (इपॉक्सी हे एक रेझिन) तुकड्यात वजनाने साधारण 30 ते 40 टक्के रेझिन असतं, बाकी धागा. फिरत्या ड्रममध्ये तोच तुटतो आणि त्याचा गुंता होतो. माल ट्रेमध्ये पसरून स्थिर ठेवा.

धागे कडक, एकमेकांना चिकटलेले निघतात? रेझिन गेलं, पण त्याच्या कोळशाचा थर उरला. नायट्रोजनखाली 450 ते 600 अंशांत रेझिन तुटतं. नंतर हा थर काढायला 500 अंशांच्या आसपास मोजकी हवा सोडावी लागते, आणि बहुतेक माल इथेच बिघडतो. घाईने हवा किंवा तापमान वाढवलं की थरापाठोपाठ धागाही जळू लागतो, बारीक होतो, त्यावर खड्डे पडतात. जाड-पातळ तुकडे एकाच घाण्यात असतील तर जाडाच्या आतला कोळसा जळेपर्यंत पातळ तुकड्यांचा धागा वाया जातो. म्हणून आधी जाडीनुसार माल वेगळा करा. प्रत्येक घाण्याचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली बघा: नवा धागा 5 ते 7 मायक्रॉनचा असतो, व्यास घटलेला दिसला तर हवा कमी करा. माझ्या मते किंचित कोळसा राहिलेला परवडतो, जळालेला धागा परत येत नाही.

काचेच्या धाग्याला हा हिशोब लावू नका. सातारा-धुळ्याकडच्या पवनचक्क्यांची जुनी पाती मुख्यतः काचेचीच, आणि या तापमानाला काच निम्म्याहून जास्त ताकद गमावते. नव्यासारखा धागा मिळेल या आशेवर कर्ज काढू नका. अशा पात्यांसाठी सिमेंटची भट्टी अधिक प्रामाणिक वाट आहे: रेझिन इंधन होतं, काचेतली सिलिका क्लिंकरमध्ये, म्हणजे दळण्याआधीच्या सिमेंटच्या खड्यांत, जाते.

पात्याच्या गाभ्यात पीव्हीसी फोम असेल तर तो आधी काढा, नाहीतर त्यातून निघणारं हायड्रोक्लोरिक आम्ल कंडेन्सर (वायू थंड करून द्रव करणारा भाग) खाऊन टाकेल.

भट्टीतला दाब अचानक चढला तर वायूची नळी तपासा. पॉलिएस्टर रेझिनमधून निघणारं थॅलिक अनहायड्राइड 131 अंशांखाली घट्ट होतं आणि पांढरे स्फटिक नळी बुजवतात. तेव्हा जाळ वाढवणं जिवावर बेतू शकतं. भट्टी बंद करून थंड होऊ द्या, मगच साफ करा. पुढच्या खेपेपासून कंडेन्सरपर्यंतची नळी गरम ठेवा आणि साफ करता येईल असा सापळा बसवा.

गरम भट्टीचं दार कधीच उघडू नका. आत ज्वलनशील वायू असतो, हवा लागताच स्फोट होऊ शकतो. थंड झालेला माल काढतानाही मास्क लावा. कार्बनचे उडते तंतू विजेचे वाहक आहेत, त्यामुळे कंट्रोल पॅनेल त्याच खोलीत असेल तर ते धूळबंद करून घ्या.