धान्याविना भोपळ्याचा केक: आधी पाण्याचा बंदोबस्त

शरद ऋतूत लाल भोपळा पिकून गोड झाला, की त्याचा केक करावासा वाटतोच. मात्र धान्य वर्ज्य असेल तर मैद्याऐवजी तेवढेच बदामाचे पीठ घालावे, हा सरसकट दिला जाणारा सल्ला अर्धवट आहे. मैद्यातील ग्लुटेन केकला सांगाडा देते आणि त्यातील पिष्ट पाणी शोषून घेते; बदामात ग्लुटेन अजिबात नसते, पिष्ट नाममात्र असते आणि जवळजवळ निम्मे वजन तेलाचेच असते. त्यामुळे हा केक उभा राहतो तो अंड्यांच्या बळावर, आणि भोपळ्यातले जादा पाणी मुरवून घेणारे त्यात काहीच उरत नाही.

साहित्य असे: बारीक बदामाचे पीठ २५० ग्रॅम, आटवलेला भोपळ्याचा गर २०० ग्रॅम, अंडी ४, साखर १२० ग्रॅम, वितळवलेले लोणी ६० ग्रॅम, दालचिनीपूड २ छोटे चमचे, थोडे जायफळ, चिमूटभर मीठ, खाण्याचा सोडा अर्धा छोटा चमचा आणि लिंबाचा रस १ मोठा चमचा. बेकिंग पावडर मी मुद्दाम टाळते, कारण बऱ्याच बेकिंग पावडरींमध्ये मक्याचे पिष्ट मिसळलेले असते, आणि मका हेही धान्यच. (बदाम चालत नसल्यास सूर्यफुलाच्या बियांचे पीठ वापरता येते, सोड्यामुळे केक आतून हिरवट दिसला तरी तो बिघडलेला नसतो.)

आता गराकडे वळू. माझे पहिले तीन केक वरून देखणे आणि तळाशी बोटभर जाडीचा ओला, चिकट थर असलेले झाले. मी भट्टीला दोष देत वेळ वाढवत गेले; वरचा भाग करपला, तळ मात्र तसाच राहिला. चूक अशी होती, की मी भोपळा उकडून, वाटून थेट मिश्रणात घालत होते. भोपळा उकडू नये आणि कुकरमध्ये तर मुळीच शिजवू नये. त्याचे दोन भाग करून, बिया काढून, कापलेली बाजू खाली ठेवून २०० अंश सेल्सियसवर पाऊण तास भाजावा.

नंतर गर वाटून वजन करावे आणि पसरट कढईत मंद आचेवर सतत हलवत आटवावा. ३०० ग्रॅम गराचा २०० ग्रॅम व्हायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. सुरुवातीला तो बुडबुडे येऊन हातावर उडतो, मग रंग गडद होतो, आणि शेवटी उलथने फिरवल्यावर कढईच्या तळाशी पडलेली वाट लगेच मिटत नाही. खूण पटली तरी वजन करावेच, कारण डोळा फसतो. गर फडक्यात बांधून पिळण्याचा सल्ला मला मान्य नाही. पाण्याबरोबर गोडवाही निघून जातो. आटवलेला गर पूर्ण थंड होऊ द्यावा, अन्यथा अंडी त्यात शिजून गुठळ्या होतात.

अंडी व साखर फेटून गर, लोणी, मग कोरडे साहित्य आणि अगदी शेवटी लिंबाचा रस मिसळावा.

कागद लावलेल्या लांबट साच्यात मिश्रण ओतून ते लगेच १६० अंशांवर ५० ते ६० मिनिटे भाजावे. बदाम लवकर तांबूस होतो, म्हणून अर्ध्या तासानंतर वर फॉइल सैलसर झाकावे. टोचलेली सळई कधीकधी तेलामुळेच स्वच्छ निघते. माझा भरवसा तापमापकावर आहे, आणि मध्यभागी ९६ अंश दाखवल्याशिवाय मी केक बाहेर काढत नाही.

केक साच्यातच तासभर राहू द्यावा आणि पूर्ण गार झाल्यावरच कापावा. गरम असताना कापल्यास त्याचा भुगा होतो. दुसऱ्या दिवशी दालचिनी अधिक मुरलेली लागते. फ्रीजमध्ये तो चार दिवस चांगला राहतो.