जाड वही घेतली, तरी शाई फुटलीच: फाउंटन पेनसाठी वही घेताना या चुका टाळा

मागच्या जूनमध्ये अप्पा बळवंत चौकातून मी टाचणासाठी दोनशे पानी वह्यांचा अख्खा डझन उचलला. शहाण्यासारखं दुकानातच पेन काढलं, वरच्या वहीच्या शेवटच्या पानावर सही केली, पान उलटून पाहिलं. स्वच्छ. मग बारा वह्या बांधून घेतल्या आणि घरी आले. पहिल्या तीन वह्या सुखाने भरल्या. चौथीत पहिलीच ओळ लिहिली, 'धडा तिसरा', आणि ते 'घडा तिसरा' दिसायला लागलं. अक्षरांना केसाळ सुरवंटासारखी लव फुटली होती आणि पान उलटलं तर मागे निळ्या ठिपक्यांची रांगोळी. पुठ्ठा तोच, छाप तोच, किंमतही तीच. आतला कागद मात्र वेगळा होता.

देवनागरीत लिहिणाऱ्याला शाई फुटण्याचा त्रास जरा जास्तच होतो. आपल्या अक्षरांत गाठी आणि बारीक पोकळ्या फार. शाई अर्धा मिलिमीटर पसरली की 'ध'ची मोकळी जागा बुजते, 'ष'चं पोट भरतं, 'द्ध' आणि 'क्ष' तर नुसते डाग होतात.

जाडी बघून वही घेणं

ही सगळ्यांत जुनी चूक, आणि दुकानदारही तिला खतपाणी घालतात. 'मॅडम, शंभर जीएसएमचा कागद आहे, काही होणार नाही.' जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. ए-फोर आकाराचे सोळा कागद मिळून एक चौरस मीटर होतो, म्हणून ८० जीएसएमचा एक ए-फोर कागद बरोबर ५ ग्रॅम भरतो आणि पाचशे कागदांचं रीम अडीच किलो. हा आकडा एवढंच सांगतो. शाईबद्दल तो काहीच बोलत नाही.

तोमोए रिव्हर हा जपानी कागद फाउंटन पेनवाल्यांचा लाडका. त्याचा प्रसिद्ध प्रकार अवघ्या ५२ जीएसएमचा, म्हणजे झेरॉक्सच्या नेहमीच्या ७५ जीएसएम कागदापेक्षा कितीतरी पातळ. मागचं लिखाण त्यातून सावलीसारखं दिसतं, पण शाई फुटत नाही आणि पलीकडे झिरपतही नाही. उलट चित्रकलेचा जाडजूड कागद घ्या, त्यावर शाई टीपकागदावर पसरावी तशी पसरू शकते.

फरक आहे तो खळीचा. कागद म्हणजे तंतूंची जाळी: लाकडाचे, उसाच्या बगॅसचे (रस काढून उरलेल्या चोथ्याचे) किंवा चिंध्यांचे तंतू. या तंतूंना पाणी प्रिय, आणि पेनातली शाई म्हणजे बहुतांशी पाणीच. समईची वात तेल ओढते तसे हे तंतू शाई आपल्या लांबीने ओढून घेतात. ते होऊ नये म्हणून कारखान्यात लगद्यातच पाणी अडवणारं द्रव्य मिसळतात. पूर्वी राळ आणि तुरटी असायची, आता बहुतेक ठिकाणी नवी रसायनं आली आहेत. शिवाय कागदाच्या पृष्ठभागावर स्टार्च चढवतात. आजीच्या सुती पातळाला जी खळ घालायची, तीच जात.

ही काही साहेबाने शिकवलेली गोष्ट नव्हे. मोडी दफ्तरांसाठी नावाजलेला जुन्नरी कागद किंवा दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा कागद खळ लावून, वाळवून, वर गुळगुळीत दगडाने घोटलेला असायचा. म्हणून बोरूने काढलेली रेघ आजही काठावर धारदार दिसते. आता बॉलपेनचा जमाना. त्याची शाई तेलकट आणि घट्ट, तिला खळ कमी असली तरी फरक पडत नाही. शाळेच्या स्वस्त वह्या त्याच हिशेबाने बनतात, यात वहीवाल्याची लबाडी शोधण्यात अर्थ नाही.

नुसती सही करून वही 'पास' करणं

सही आपण झपकन करतो. निब कागदावर टेकते न टेकते तोच पुढे गेलेली असते, शाईला मुरायला वेळच मिळत नाही. माझी जून महिन्यातली पहिली चूक हीच.

दुकानात विचारून शेवटच्या पानाचा कोपरा मागून घ्या. पेन आपलं, शाई आपली, म्हणजे रोज ज्या जोडीने लिहिता तीच. आधी एक टिंब द्या आणि निब तिथेच तीन सेकंद टेकवून ठेवा. मग सावकाश, शुद्धलेखन घालताना लिहितो त्या गतीने 'धन, घन, षष्ठी, बुद्धी' असे चार शब्द लिहा. शेजारी उभ्या-आडव्या रेघांची लहानशी जाळी काढा. आता मिनिटभर दुकानदाराशी पावसापाण्याच्या गप्पा मारा आणि मग पाहा. अक्षरांच्या कडेला लव आली का? टिंबाचा डाग मागे उतरला का? टिंब मागे किंचित दिसलं तर मी चालवून घेते, कारण रोजच्या लिहिण्यात कोणी तीन सेकंद थांबत नाही. जाळीच्या रेघा मागे उतरल्या, तर वही परत.

पेन नसेल, तर बोट ओलं करून त्या कोपऱ्यावर पाण्याचा बारीक थेंब ठेवा. खळ चांगली असेल तर थेंब मोत्यासारखा उभा राहतो. नसेल तर दोन-तीन सेकंदांत कागद गडद होतो आणि ओल मागे दिसते. कागद कारखान्यांच्या प्रयोगशाळेत हीच परीक्षा नीट मापून करतात: ठरावीक जागेवर साठ सेकंद पाणी ठेवायचं आणि कागदाने किती ग्रॅम प्यायलं ते तोलायचं. त्याला कॉब चाचणी म्हणतात.

पानाच्या दोन्ही बाजू तपासा. कागद यंत्रावर जाळीवरून धावत तयार होतो, त्यामुळे जाळीकडची बाजू आणि वरची बाजू कित्येकदा सारखी नसते. उजवं पान गुणी आणि डावं वांड अशी वही तुम्हीही वापरली असेल.

एका वहीवरून डझन घेणं

वही बनवणारे सगळेच कागद बनवत नाहीत. अनेकजण गिरणीकडून रिळं घेतात, आणि या महिन्याला एक गिरणी, पुढच्या महिन्याला दुसरी. त्यामुळे अमुक छापाची वही 'चांगली' असं छातीठोक सांगणं अवघड. मित्राने दोन वर्षांपूर्वी शिफारस केलेली वही आज तीच असेल याची हमी नाही. खुद्द तोमोए रिव्हरचंही उत्पादन मूळ तोमोएगावा कंपनीकडून सानझेनकडे गेलं आणि जुना कागद बरा की नवा यावर शौकिनांत वाद रंगले.

माझा आताचा रिवाज: गठ्ठ्यातली एक वरची, एक मधली, एक खालची अशा तीन वह्या उघडून बघायच्या. पानांच्या कडा शेजारी शेजारी धरल्या की पांढरेपणातला फरक डोळ्यांना लगेच कळतो. एक निळसर पांढरी आणि एक दुधी असेल, तर कागद दोन जातीचा. चाचणी दोन्हींवर करायची.

लेबलावर 'प्रीमियम', 'एक्झिक्युटिव्ह' असं लिहिलेलं असतं. वाचा आणि विसरा. तसंच उसाच्या बगॅसचा कागद म्हणून नाक मुरडू नका. तमिळनाडूत टीएनपीएलसारखी मोठी गिरणी बगॅसवर चालते, आणि नीट खळ दिलेल्या बगॅसच्या कागदावर शाई फार सुंदर बसते. पुनर्वापराच्या कागदात तंतू तुटून आखूड झालेले असतात, तिथे मात्र आधी चाचणी, मग पैसे.

हातकागदाचंही असंच. पुण्यात शिवाजीनगरला १९४० पासून हातकागद संस्था आहे, आणि तिथल्या कागदाचा स्पर्श मला फार आवडतो. पण हातकागद घेताना तो कशासाठी बनवलाय ते विचारायचं. पत्रिका, पिशव्या, छपाई यांसाठीचा खरबरीत कागद निबेखाली घातला की तंतू निबेच्या फटीत अडकतात आणि प्रत्येक रेघ दुहेरी उमटते.

चकचकीत कागदाला भुलणं

दिवाळीत भेट येणाऱ्या डायऱ्यांचा गुळगुळीत कागद हातात घेतला की वाटतं, यावर पेन काय पळेल! पळतं खरं, पण कागदावर लेप इतका असतो की शाईला आत शिरायला वाटच नसते. ती वर थारोळ्यासारखी बसून राहते आणि पान उलटलं की समोरच्या पानावर तिची आरशातली प्रत. डावखुऱ्या माणसाच्या तळहाताची तर दैना. चांगल्या खळीच्या कागदावरही शाई वाळायला दहा-वीस सेकंद लागतातच, म्हणून वहीत टीपकागदाची पट्टी ठेवा. पण मिनिटभरानेही बोटाला शाई लागत असेल, तर ती डायरी बॉलपेनवाल्याला देऊन टाका.

कागदाच्या दोषासाठी निबेला शिक्षा

हे लिहिताना मला अजून वाईट वाटतं. माझं एक जुनं पेन पानाच्या वरच्या भागात लोण्यासारखं चालायचं आणि खालच्या तिसऱ्या भागात आलं की अडखळायचं. अक्षराची सुरुवातच गायब. मी ठरवलं की निब बिघडली, आणि नखं घासायच्या बारीक पॉलिश पेपरवर ती घासली. निब कायमची ओरखडे काढायला लागली. अडखळणं होतं तसंच.

कारण माझ्याच हातात होतं. मे महिना, घामेजलेला तळवा, आणि लिहिताना तो सगळा वेळ पानाच्या खालच्या भागावर टेकलेला. त्वचेचा तेलकटपणा कागदावर उतरतो आणि पाण्याची शाई तिथे धरत नाही. गुळगुळीत कागदावर हे जास्त जाणवतं. हाताखाली एक साधा कागद ठेवला आणि त्रास संपला. पेनात दोष आहे की कागदात, हे ठरवायला एक सोपी खूण: पेन पानावर सगळीकडे अडखळलं तर पेन धुवा, निब बघा. ठरावीक जागीच अडखळलं तर कागद किंवा हात.

तसंच छापील रेघांचं. काही वह्यांच्या आखणीची शाई तेलकट असते. रेघ ओलांडताना पेन त्या एका बिंदूवर शाई टाकत नाही आणि अक्षरात बारीक पांढरी खाच पडते. शिरोरेघा छापील रेघेवरच ओढायची सवय असेल, तर अख्खी शिरोरेघा तुटक येते. अशा वहीत रेघेच्या जराशा खालून लिहा. आखणीचं अंतरही बघा. वर वेलांटी आणि रफार, खाली उकार, असा आपला तीन मजली कारभार. सहा मिलिमीटरच्या रेघांत मध्यम निबेने लिहिलं की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांत अडकतात. मला आठ मिलिमीटर लागतात.

वही बदलता येत नाही, तेव्हा

उत्तरपत्रिका, हजेरीपत्रक, कचेरीतलं रजिस्टर यांचा कागद आपण निवडत नाही. तिथे पेन आणि शाई बदला. बारीक निब घ्या, कारण कमी शाई पडली की पसरायलाही कमी मिळते. सढळ शाई सोडणारं जाड निबेचं पेन घरच्या वहीसाठी राखा. शायांमध्येही स्वभाव असतात. पेलिकन ४००१ ही कोरडी वाहणारी, म्हणजे निबेतून कमी उतरणारी, म्हणून ओळखली जाते आणि तिची निळी-काळी लोहयुक्त आहे. अशी शाई सामान्य कागदावरही काठ बऱ्यापैकी सांभाळते. फक्त लोहयुक्त शाई पेनात महिनोन्‌महिने वाळू देऊ नका, पेन अधूनमधून साध्या पाण्याने धुवा.

आणि पावसाळा! कोकणात राहणाऱ्यांना हे सांगायला नको. कागद हवेतली ओल पितो, आणि एप्रिलमध्ये शहाण्यासारखी वागणारी वही जुलैत शाई फोडायला लागते. वह्या भिंतीला टेकून ठेवू नका, बंद डब्यात किंवा जाड पिशवीत ठेवा. एखाद्या कोरड्या दिवशी पंख्याखाली उघडी ठेवलेली वही बरीच ताळ्यावर येते.

स्वतः वही बांधून घेताना

वर्षाला दहा-बारा वह्या लागत असतील, तर मनासारख्या कागदाचं रीम घेऊन बाइंडरकडून बांधून घेणं मला सगळ्यांत परवडतं. पण तिथेही मी एकदा फसले. ए-फोर कागद मधोमध दुमडून शिलाई केली आणि वही सपाट उघडेचना, सतत मिटायला बघायची. बाजारातल्या बहुतेक ए-फोर कागदात तंतूंची दिशा लांबीच्या बाजूने असते. मधोमध दुमडलं की घडी तंतूंना आडवी पडते आणि कागद ताठरतो. बाइंडरला आधीच सांगा की घडी तंतूंच्या दिशेने हवी. तो मोठ्या आकाराचा कागद घेऊन तसा कापून देईल. दिशा ओळखायला कागद दोन्हीकडून हलकेच वाकवून बघा, ज्या बाजूने सहज वाकतो ती घडीची बाजू. शिलाईचीच वही मागा. नुसत्या डिंकाने चिकटवलेली वही मध्ये फुगते आणि शिवणीजवळ निब तिरकी पडते.

पूर्ण रीम घेण्याआधी पाच-दहा सुटे कागद मागून घेऊन घरी दोन दिवस लिहून पाहा. दुकानदार कुरकुरतात, पण देतात.

त्या डझनातल्या उरलेल्या वह्यांपैकी तीन चांगल्या निघाल्या. बाकीच्यांत आता दुधाचा हिशेब, वाणसामान आणि इस्त्रीवाल्याचे कपडे मांडले जातात. बॉलपेनने.