टीडीएसच्या दोन डिश

एम.एस्सी. करून पाणी तपासणाऱ्या लॅबमध्ये लागलो, त्याच्या तिसऱ्या आठवड्यातली गोष्ट. बोअरवेलचं सॅम्पल, 100 मिली, दोन डिश. पाणी आटवायचं, 180 अंशांवर वाळवायचं आणि मागे उरलेल्या क्षारांचं वजन करायचं. एका डिशचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, आला 462, दुसरीचा 558 मिलिग्रॅम प्रति लिटर. पिण्याच्या पाण्याच्या आयएस 10500 या भारतीय मानकात स्वीकार्य मर्यादा 500. म्हणजे एकीचं पाणी मर्यादेत, दुसरीचं बाहेर.

त्याच बोअरचं पाणी आधी 470 च्या आसपास आलेलं. मी 558 वर काट मारायला निघालो. मॅडमनी विचारलं, "हीच डिश चुकली, हे तुला कशावरून कळलं?" मला सांगता येईना.

त्यांनी वही मागितली. वजनासमोर वेळ लिहायची सवय मला कॉलेजातल्या सरांनी लावली होती, तीच कामी आली. 558 वाली डिश रिकामी असताना ओव्हनमधून काढली 11:40 ला, वजन 11:50 ला. दहा मिनिटांत ती गार होत नाही. मॅडमनी ती पुन्हा तापवून तशीच बॅलन्सवर ठेवायला लावली. चौथा दशांश थांबेना, आकडा हळूहळू चढतच राहिला. गरम डिशभोवतीची हवा तापून वर जाते, त्यामुळे डिश आहे त्याहून हलकी भरते. रिकामी डिश 10 मिलिग्रॅम हलकी भरली, की 100 मिलीच्या हिशेबात टीडीएस 100 ने फुगतो. आमचा फरक 96 चा होता.

तरी 558 खोडला नाही. कारण लिहिलं, सही केली आणि राखून ठेवलेल्या सॅम्पलवर दोन्ही डिश नव्याने केल्या: 461 आणि 466. रिपोर्ट या दोनांवर गेला, वहीत चारही राहिले.

म्हणून नव्या मुलांना मी आधी मशीन शिकवत नाही, डेसिकेटर, म्हणजे डिश कोरड्या हवेत गार करायचं झाकणाचं भांडं, उघडायला लावतो. त्यातली ओलावा शोषणारी निळी सिलिका गुलाबी झाली असेल तर ती आधी वाळवा. पुन्हा वाळवून, गार करून केलेल्या दोन वजनांतला फरक 0.5 मिलिग्रॅमच्या आत आल्याशिवाय आकडा धरू नका. फ्लास्कची खूण कोणत्या तापमानाला बरोबर आहे, म्हणजे त्यावर 20 अंश लिहिलंय की 27, तेही वाचा.

लॅबना मान्यता देणाऱ्या एनएबीएलच्या मान्यतेसाठी पीटी (प्रावीण्य चाचणी) करावी लागते, म्हणजे एकच सॅम्पल अनेक लॅबनी तपासायचं. ते अनुभवी माणसाच्या हाती देण्याची पद्धत मला पटत नाही. रोज काम करणाऱ्यानेच ते करावं. माझ्या पहिल्या क्लोराइडचा झेड-स्कोर, म्हणजे आपला आकडा ठरलेल्या आकड्यापासून किती लांब आहे त्याचं माप, 2.4 आला. 2 च्या आत समाधानकारक, 2 ते 3 शंकास्पद. शोधलं तर क्लोराइड मोजायला लागणारं, उजेडाने बिघडणारं सिल्व्हर नायट्रेट पारदर्शक बाटलीत, खिडकीशेजारी ठेवलेलं, आणि त्याचं स्टँडर्डायझेशन, म्हणजे त्याची नेमकी तीव्रता तपासणं, महिन्यापूर्वीचं. त्या महिन्यातले क्लोराइडचे सगळे रिपोर्ट आम्ही पुन्हा काढून बसलो.