४७.२ वर अडकलेलं घड्याळ

नागपुरातली आंतरशालेय बास्केटबॉल मॅच, मी रेफ्री, चौथा क्वार्टर, दोन गुणांचा फरक. साइडलाइनबाहेरून चेंडू आत टाकला (थ्रो-इन), पास फिरले, चेंडू बाहेर गेला. वर पाहतो तर घड्याळ ४७.२ सेकंदांवरच! टायमरच्या पोराने बटण दाबलंच नव्हतं. एक कोच ओरडले, "काऊन सर, वेळ फुकट वाटता का?"

मी दोन्ही कोचना घड्याळवाल्यांच्या टेबलापासून दूर ठेवलं आणि फक्त शॉट क्लॉकवाल्याला (संघाला शॉट मारायला उरलेले सेकंद मोजणाऱ्याला) विचारलं. थ्रो-इनआधी २० होते, आता १३. म्हणजे सात सेकंद गेले. घड्याळ ४०.२ वर आणलं, शॉट क्लॉक १३ वरच ठेवलं. रेफ्री स्कोअरशीटवर सही करेपर्यंत अशी चूक सुधारू शकतो, हे कोचना सांगितल्यावर आवाज खाली आला.

खरं तर चूक अर्धी माझीही. थ्रो-इनला मैदानातल्या खेळाडूचा चेंडूला स्पर्श झाला की घड्याळ सुरू. तेव्हा माझा वर केलेला हात खाली यायला हवा. आला होता, पण मधे उंच सेंटर खेळाडू उभा, पोराला दिसणार कुठून? (तो सेंटर कोणालाच काही दिसू देत नाही.) आता चेंडू देण्याआधी दोन्ही घड्याळांचे आकडे पुटपुटतो, टेबलाला दिसेन असा सरकतो, मगच चेंडू देतो.